सराव चालू आहे

ठमीला घाबरटपणाचं बाळकडूच मिळालंय, असं तिची आई म्हणायची. लिफ्टला ती घाबरायची, मोकळ्या कुत्र्याला घाबरायची, आणि घरातला फोन वाजला की तो दुसऱ्या कुणीतरी उचलावा म्हणून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. त्यामुळे शाळा संपल्यावर तिने घरापासून लांबचं, हॉस्टेल असलेलं कॉलेज निवडलं, तेव्हा वडिलांनी हातातला पेपर खाली ठेवून तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"तूच बोलतेयस ना ही?" ते म्हणाले.

विद्यापीठात जाण्याआधीची दोन वर्षं काढायचं ते कॉलेज होतं, आणि तिथे देशोदेशीची मुलं शिकायला येत. जेवणाच्या रांगेत पुढच्याची भाषा वेगळी, मागच्याची वेगळी. शिकवणं एका समाईक भाषेत चाले, पण पायाला ठेच लागली की जो तो आपापल्या भाषेत ओरडे. ठमीच्या आत्याचा मुलगा तिथेच एक वर्ष पुढे होता. तो तिचा दादा. तो आहे म्हणून घरच्यांनी जाऊ दिलं.

खोलीत तिच्यासोबत जी मुलगी होती ती निराळ्या कारणाने घाबरायची. तिच्या देशात लढाई चालू होती. ती चालली तरी पावलांचा आवाज येत नसे, आणि झोपताना अंगाचं मुटकुळं करून झोपे, म्हणून ठमीने तिचं नाव मनी ठेवलं. मनी म्हणजे मांजर, हे समजल्यावर ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. तिला 'ठ' काही केल्या म्हणता येत नसे, म्हणून ती ठमीला 'तमी' म्हणे.

मनीने आल्या आल्या आपला पलंग खिडकीपासून ओढून भिंतीला लावला होता. झोपताना बूट दाराकडे तोंड करून, नाड्या सैल सोडून ठेवी, नुसता पाय सरकवला की झालं, असे. ठमीने कधी विचारलं नाही. एका संध्याकाळी कपड्यांना इस्त्री करता करता मनीनेच सांगितलं.

"आमच्याकडे भोंगा वाजला की खाली जायचं. तळघरात, नाहीतर जिन्याखाली. विचार करायचा नाही. जो विचार करत बसतो तो वर राहतो."

एवढं बोलून तिने शर्टाची कॉलर पुन्हा एकदा दाबली. आपण लिफ्टला घाबरतो हे ठमीला त्या दिवशी कुणाला सांगवलं नसतं.

वर्षातून एकदा कॉलेजचे वर्ग बंद ठेवून उपक्रमांचा आठवडा होई. कुणी मातीची भांडी करायला शिके, कुणी वादविवादात घसा कोरडा करी, कुणी टेकडीवर जाऊन पक्षी बघे. शेवटच्या दिवशी सगळ्या कॉलेजचा मिळून आपत्तीचा सराव असे. मुख्य इमारतीला आग लागली आहे असं समजायचं; काहींनी जखमी व्हायचं, काहींनी त्यांना उचलायचं, काहींनी मैदानावर तंबू टाकून प्रथमोपचार करायचे, आणि बाहेरून आलेले परीक्षक त्याला गुण देत. हे सगळं भौतिकशास्त्राचे सर बसवत. ते कुठल्याही सैन्यात नव्हते, पण गळ्यात शिट्टी आणि चालणं ताठ, त्यामुळे सगळे त्यांना पाठीमागे कॅप्टन म्हणत. यंदा दादा त्यांचा उजवा हात होता.

"तू जखमी हो," दादा ठमीला म्हणाला. "चांगली ओरडणारी जखमी. चारचौघांत एकदा घसा फाडून ओरडलीस की भीड चेपेल तुझी."

"मला नाही जमणार रे."

"पडून राहून ओरडायचं आहे. त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

ठमी कशीबशी तयार झाली. पण तिला काळजी दुसरीच होती. "दादा, मोठे आवाज-बिवाज नाहीत ना? मनीला चालणार नाही."

"नुसती शिट्टी. कॅप्टनच्या शिट्टीला कोण घाबरतं?"

ठमीने मनीला तसं सांगितलं. मनीने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. "नुसती शिट्टी?" "नुसती शिट्टी." मग मनी म्हणाली की ती मैदानावर पाणी वाटायचं काम घेईल, इमारतीत येणार नाही.

त्या दिवशी फाटकावर मोठा फलक लागला होता: 'सराव चालू आहे. घाबरू नये.' शेजारच्या वस्तीतल्या लोकांना कळावं म्हणून. मागच्या अंगणात खरा आगीचा बंब येऊन उभा होता. दुपारी बंबवाले मुलांना प्रात्यक्षिक दाखवणार होते. तोवर ते कँटीनच्या मागे बाकावर बसून चहा पीत होते.

सकाळची सभा सभागृहात चालू होती तेव्हा जखमी मंडळी एका वर्गात रंगत होती. कॉलेजच्या दवाखान्यातल्या सिस्टर स्वतः हातात ब्रश घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ठमीच्या कपाळावर मेणाची जखम बसवली आणि वरून लाल पाक ओतला. तो गालावरून ओघळून मानेत गेला, चिकट आणि गार. जखमींचे फोन एका टोपलीत जमा झाले, कारण मागच्या वर्षी एक मेलेला मुलगा फोनवर गेम खेळताना सापडला होता. शेवटी प्रत्येकाच्या गळ्यात एकेक कार्ड अडकवलं गेलं. ठमीच्या कार्डावर होतं: 'डोक्याला मार. भ्रमिष्ट. मैत्रीण आत अडकली आहे असं सारखं ओरडते. बोलण्याकडे लक्ष न देता ताबडतोब स्ट्रेचरवर घ्यावे.'

"मस्त भूमिका आहे," सिस्टर म्हणाल्या. "घाबरलेली दिसशील ना?"

"दिसेन," ठमी म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

तिची जागा मागच्या कॉरिडॉरमध्ये होती. तिथून एक जिना वर वर्गांकडे जाई आणि एक खाली तळघराकडे. तळघरात मोडक्या खुर्च्या, जुने पडदे, नाटकाचं सामान असे. एरवी त्या लोखंडी दाराला कुलूप असायचं. जिन्याच्या तोंडाशी कॅप्टननी दोन मोठे टब ठेवले होते. त्यांत गरम पाणी होतं, आणि हातमोजे घातलेला एक मुलगा त्यात पांढऱ्या विटांसारखे तुकडे सोडत होता. कोरडा बर्फ. टबांतून दाट पांढरा धूर उसळला आणि जमिनीवर पसरला.

"खराखुरा वाटतो की नाही?" कॅप्टन म्हणाले. "आणि इजा काही नाही. ठसकासुद्धा लागत नाही." ते शिट्टी चाचपत पुढे निघून गेले. तुकडे टाकणारा मुलगाही टब भरून त्यांच्या मागून गेला.

ठमी भिंतीशी आडवी झाली. फरशी थंड होती. आता शिट्टी होईल, मग आपण ओरडायचं, असं ती मनात घोकत होती.

शिट्टी झाली नाही. त्याऐवजी सगळ्या लाउडस्पीकरांमधून एकदम भोंगा सुरू झाला. खालच्या सुरातून वर चढत जाणारा, मग उतरणारा, मग पुन्हा चढणारा. भिंती थरथरल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच क्षणी ठमीला मनीची आठवण झाली.

मैदानावर असेल ती, ठमीने स्वतःला समजावलं. मोकळ्यावर आहे. कुणीतरी असेल तिच्याजवळ.

वरच्या जिन्यावरून मुलं हसत-ओरडत उतरत होती आणि बाहेर पळत होती. त्या लोंढ्याच्या उलट दिशेने एकजण आली. तिच्या हातात कागदी पेल्यांची चळत होती. कँटीनच्या कोठीतून पेले आणायला ती इमारतीत आली असणार. तिने पेले टाकले. ते फरशीवर गडगडत गेले. तिचा चेहरा ठमीने पाहिला, आणि त्या चेहऱ्याने ठमीला पाहिलं नाही. मनी टबांना वळसा घालून जिन्याने खाली गेली. पांढऱ्या धुरात तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोकं.

"मनी!"

भोंग्यात तो आवाज कुठल्या कुठे विरला. खालून लोखंडी दार धाडकन लागल्याचं मात्र ठमीने ऐकलं. कुलूप नव्हतं. सकाळी स्ट्रेचर काढायला दार उघडलेलं, ते तसंच राहिलं होतं.

ठमी उठून जिन्याच्या तोंडाशी गेली. धूर वर चढत नव्हता. दूध सांडावं तसा तो पायरी पायरीने खाली उतरत होता आणि तळाशी साचत होता. ते बघता बघता तिच्या डोक्यात रसायनशास्त्राच्या तासाला ऐकलेलं एक वाक्य जागं झालं. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड. तो खोलगट जागी साठतो आणि हवेला वर ढकलतो. ठसका लागत नाही. कॅप्टन बरोबर बोलले होते, ठसका लागत नाही, माणूस नुसता झोपतो.

ती खाली उतरू लागली. धूर गुडघ्यांपर्यंत आला, मग कमरेपर्यंत. अजून काही पायऱ्या, मग वळण, मग दार. सोडा पिताना नाकात झिणझिण्या येतात तशा झिणझिण्या आल्या. मग श्वास आपोआप जोरजोरात होऊ लागला, न धावताच धाप लागली. कानशिलं ठणकायला लागली. "मनी, वर ये! अगं, वर ये!" ती ओरडली, आणि त्या ओरडण्यात होता नव्हता तेवढा श्वास संपला. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. पुढची पायरी कुठे आहे हे तिला दिसेना.

ती घाबरली. आणखी एक पायरी उतरलो तर आपणही तिथेच पडू आणि मग कुणालाच काही कळणार नाही, हे तिला लख्ख समजलं; तरीही पाठ फिरवताना तिला वाटलं की आपण पळून चाललोय. कठडा धरून, गुडघे आपटत ती वर आली.

कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर घेतलेले दोघे उभे होते. एक उंच, एक चष्मेवाला, दोघेही पहिल्या वर्षाचे.

"माझी मैत्रीण आत अडकलीये!" ठमी ओरडली. "खाली, तळघरात! तो धूर बंद करा, टब उचला!"

चष्मेवाल्याने तिच्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि मान डोलावली. "हीच ती. डोक्याला मार."

"अरे, नाही, मी खरं सांगतेय! ती खरंच खाली आहे!"

"शांत व्हा," उंच मुलगा शिकवल्याप्रमाणे म्हणाला. "आम्ही मदतीला आलो आहोत. तुमचं नाव आठवतंय का?"

तिने त्याला ढकललं. त्या दोघांना तेही शिकवलेलं होतं. भ्रमिष्ट जखमी हात चालवतो, त्याला इजा न करता आवरायचं. त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून स्ट्रेचरवर आडवं केलं, छातीवरून पट्टा घेतला, मांड्यांवरून पट्टा घेतला, आणि बकलं लावली. ठमीने जिवाच्या आकांताने आरडाओरडा केला. इतकं मोठं ती जन्मात ओरडली नव्हती. छत तिच्यावरून सरकू लागलं, दिव्यांमागून दिवे, मग दाराची चौकट, मग एकदम उघडं आभाळ.

वाटेत उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. "भारी करतेय रे ही!" कुणीतरी म्हणालं. एकाने फोन वर धरून चित्रीकरण केलं.

ठमी रडत होती. आपण जे जे म्हणतो ते कार्डावर आधीच लिहिलेलं आहे, आणि जितकं खरं बोलू तितकं ते खोटं दिसतंय, हे तिला कळत होतं. तळघरात मनी श्वास घेत होती की नव्हती, ते कळत नव्हतं.

तंबूत सिस्टर एकाच वेळी पाच जखमींकडे बघत होत्या. त्यांनी ठमीचे डोळे तपासले, नाडी धरली.

"नाडी फारच जोरात आहे गं. दमलीस. आता पुरे कर हं."

"सिस्टर, ऐका. मी नाटक करत नाहीये."

सिस्टरांचा हात थांबला. त्या वाकल्या. "खरंच काही झालंय? मग तो शब्द सांग."

"कुठला शब्द?"

"सकाळच्या सभेत ठरलाय तो. खऱ्या अडचणीत म्हणायचा."

सभा चालू होती तेव्हा ठमी खुर्चीवर बसून कपाळावर मेण लावून घेत होती. सगळे जखमी तिथेच होते. ब्रश हातात धरून सिस्टरही तिथेच होत्या. त्यांना तो शब्द मागाहून कुणीतरी कानात सांगितला असणार. जखमींना सांगायचं राहिलं होतं.

"मला कुणी शब्द सांगितलाच नाही!"

पलीकडे एक मुलगी उन्हाने खरोखरच भोवळ येऊन पडली आणि सिस्टर तिकडे धावल्या. "आलेच हं," त्या जाता जाता म्हणाल्या. ठमीचे पट्टे तसेच होते.

तेवढ्यात तिला दादाचा आवाज आला. तो तंबूच्या तोंडाशी मायक्रोफोन घेऊन सूचना देत होता. ती किंचाळली, "दादा!" तो वळला, हसला, अंगठा वर करून जवळ आला.

"काय घसा आहे गं तुझा! आत्तापर्यंत कुठे लपवला होतास? कॅप्टन म्हणाले, सगळ्यांत भारी जखमी तूच."

"दादा, मनी तळघरात आहे."

"हो हो, मैत्रीण आत अडकलीये. कार्ड मीच लिहिलंय." मग त्याने आवाज खाली आणला. "मराठीत का बोलतेयस पण? परीक्षकांना काय कळणार?"

ठमीला बोलायचं होतं, पण घशाशी काहीतरी चढून आलं. मघा जिन्यात जे नाकातोंडात गेलं होतं ते, आणि भीती, आणि सकाळपासून पोटात असलेला गोळा, सगळं एकदम वर आलं. ती कशीबशी कुशीला वळली आणि भडाभडा ओकली. दादाच्या बुटांवर, मायक्रोफोनच्या तारेवर.

दादाचं हसू मावळलं. ओकारी कुणाला ठरवून येत नाही, आणि आली तरी ठमी ती चारचौघांत येऊ देणार नाही, मरेल एकवेळ, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने खाली बसून तिची बकलं काढली.

तिने त्याच्या शर्टाची बाही धरली. आता ती ओरडली नाही. ओरडायला काही उरलंच नव्हतं.

"भोंगा वाजला तशी ती खाली पळाली," ती हळू म्हणाली. "तुमच्या टबातला गॅस जड आहे. तो सगळा खाली उतरलाय. मी गेले होते, मला श्वास घेता येईना. ती आत आहे, दार लावून. दादा, खूप वेळ झालाय रे."

दादाने मायक्रोफोन उचलला आणि त्याची बोबडी वळली. शेवटी एकच शब्द त्याने म्हटला, दोनदा, तीनदा, सकाळी ठरलेला तो शब्द. मैदानावर सगळे जागच्या जागी थांबले. भोंगा बंद झाला. इतकी शांतता झाली की दूर कँटीनमध्ये कुणीतरी कपबशा विसळत होतं ते ऐकू आलं.

कॅप्टन धावत आले. काय झालं ते दादाने त्यांना सांगितलं. मग ते वळून बंबाच्या दिशेने पळाले. त्यांना तसं पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

बंबवाल्यांचा प्रमुख, एक मिशाळ माणूस, चहाचा कप तसाच सोडून उठला. "कुणी खाली जायचं नाही!" तो दरडावला. "एकालाही सोडू नका. आम्ही मुखवटे चढवतो." एक जण पाठीवर हवेची नळकांडी बांधू लागला. ते पट्टे, ती बकलं, ती नळी जोडणं, सगळं भराभर चाललं होतं, आणि ठमीला ते संपता संपेना असं वाटत होतं.

"मागे झरोका आहे," दादा एकदम म्हणाला. "तळघराचा. जमिनीलगत."

ते दोघं इमारतीला वळसा घालून पळाले. भिंतीच्या पायथ्याशी, झुडपाच्या मागे, जाळी मारलेली एक अरुंद खिडकी होती. काच धुळीने पांढरी. ठमी जमिनीवर पालथी पडली आणि काचेला तोंड लावून तिने हाक मारली.

"मनी!"

काही नाही.

तिने मनीचं खरं नाव घेतलं, पासपोर्टावरचं, ज्या नावाने तिला फक्त शिक्षक हाक मारत. काही नाही. दादाने दगड घेऊन जाळी ठेचली, काच फोडली. आत काळोख होता. वर बारीक सुरात कुठलासा किडा ओरडत होता, आणि ठमीला आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीची वाटली नव्हती एवढी त्या काळोखाची भीती वाटली. काळोखात कुणी असण्याची भीती तिला ओळखीची होती. आत कुणीच उत्तर न देण्याची नव्हती.

"मनी, मी ठमी! अगं, नुसतं हुं म्हण!"

खालून खोकल्याचा आवाज आला. अगदी बारीक, झोपेत येतो तसा.

"आहे!" ठमी किंचाळली. "जिवंत आहे!" मग ती सारखी बोलत राहिली, काय बोलली ते तिला नंतर आठवेना. दादा म्हणाला, ती मराठीतच बोलत होती, आईला, मनीला, देवाला, सगळ्यांना एकाच दमात, आणि मधेच मनीला रागावतही होती.

मुखवटेवाल्याने दार ढकललं तेव्हा ते लगेच उघडलं नाही. आतून खाली काहीतरी अडकवलेलं होतं. मनीने आपलं जाकीट काढून दाराखालच्या फटीत घट्ट कोंबलं होतं, आणि वर एक जुना पडदा गुंडाळून दाबला होता. धूर आत येऊ नये म्हणून तिच्या घरी असंच करत. विचार करायचा नसतो, हात आपोआप करतात. त्यामुळे बराचसा गॅस जिन्यातच साचून राहिला होता. झिरपला तेवढ्याने तिला गुंगी आली होती आणि ओठ निळे पडले होते. खुर्च्यांच्या ढिगामागे ती मुटकुळं करून पडलेली सापडली.

तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. मैदानावरचे खोटे जखमी आपापल्या पट्ट्या सांभाळत, तोंडाला लाल पाक लागलेले, चिडीचूप उभे होते. तिला स्ट्रेचरवर ठेवून बांधू लागले, तेव्हा ठमी पुढे झाली.

"पट्टे नका लावू," ती म्हणाली. "मी धरते तिला."

रुग्णवाहिकेत ठमी तिचा हात धरून बसली. मनीचे डोळे अर्धवट उघडे होते. आपल्या कपाळावरची मेणाची जखम अजून तशीच आहे हे ठमीला रुग्णालयात पोचल्यावर कळलं, कारण दारातल्या परिचारिकेने तिलाच आधी खुर्चीवर बसवलं.

मनी वाचली. पहिले दोन दिवस तिचं डोकं फार दुखत होतं आणि ती बोलत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ठमीला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी थोडा उशीर झाला असता तर त्या जाकिटाचाही उपयोग झाला नसता. ते ऐकून ठमी प्रसाधनगृहात गेली, नळ सोडला, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

कॉलेजात चौकशी झाली. कॅप्टननी भर सभेत उभं राहून सांगितलं की चूक त्यांची होती. जिना खाली जातो हे त्यांनी पाहिलं होतं आणि गॅस खाली जातो हे ते स्वतःच शिकवत होते, पण दोन्ही गोष्टी एका वेळी त्यांच्या मनात आल्या नाहीत. सिस्टरही रुग्णालयात आल्या आणि ठमीचा हात हातात घेऊन बसल्या.

दादा सगळ्यांत शेवटी आला. तो दारातच उभा राहिला. मनी उशीला टेकून बसली होती.

"भोंगा माझी कल्पना होती," तो म्हणाला. "सकाळीच सुचली. खरं वाटावं म्हणून. ठमीला सांगायचं राहून गेलं."

"तो आवाज कुठून आणलास?" मनीने विचारलं.

"इंटरनेटवरून. शोधलं, पहिला जो आला तो घेतला."

"तो आमच्या शहरातला होता," मनी म्हणाली. "प्रत्येक शहराचा थोडा वेगळा असतो. आमचा वर चढताना मध्ये किंचित अडखळतो. मला वाटलं, इथपर्यंत आला."

दादा मट्कन खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. ठमीने आपल्या दादाला असं कधी पाहिलं नव्हतं. मनीने त्याला माफ केलं असं म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

त्या संध्याकाळी मनीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे वीज नसावी. पडद्यावर मेणबत्तीच्या उजेडात एक थकलेला, रुंद चेहरा होता. मायलेकी बराच वेळ बोलल्या. मग मनीने फोन एकदम ठमीच्या हातात दिला. ठमी गांगरली. नमस्कार करावा की काय करावं हे तिला कळेना. त्या बाईंनी तिला नीट निरखलं, आणि मग त्यांच्या भाषेत त्या बोलू लागल्या, हळूहळू, थांबत थांबत, जणू सावकाश बोललं की समोरच्याला कळेल. मध्ये एकदा त्यांचा आवाज फाटला. ठमीला एक शब्द कळला नाही, तरी ती मान हलवत राहिली.

फोन बंद झाल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

मनीने तिच्या हातातून फोन घेतला. "म्हणाली, तू फार बारीक आहेस. नीट खात जा."

"एवढं लांबलचक बोलल्या, ते एवढंच?"

"बाकीचं मला दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही," मनी म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले. ठमीने दिवा घालवायला हात उचलला, पण मनी म्हणाली राहू दे. मग ठमीने खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली. बाहेर कुणाचीतरी ट्रॉली खडखडत गेली, तेव्हा दोघीही एकदम दचकल्या, आणि एकमेकींकडे बघून थोडंसं हसल्या.